रानम्हशीला नांदूरमध्यमेश्वर मानवेल का?

गोदाकाठ (नाशिक):
नांदूरमध्यमेश्वर जलाशयाकाठच्या चापडगावला पक्षी पाहायला गेले की धरणाच्या फुगवट्यात फक्त नाकपुड्या आणि शिंगे वर ठेवून डुंबणाऱ्या गावच्या म्हशी हमखास दिसतात. रानम्हशीलाही पाणी, चिखल आणि गवतच लागते, तर महाराष्ट्रात ती गडचिरोलीच्या टोकालाच का उरली? आपल्याकडचे पाणथळ क्षेत्र तिला चालणार नाही का?

कुरण:
तिन्ही गरजा आपण बरोबर सांगितल्या आहेत. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी विरळ असतात, त्यामुळे दुपारचे ऊन तिला सोसत नाही. चिखलात लोळल्याने अंग गार राहते आणि त्याचा थर वाळला की माश्यांचा त्रासही कमी होतो. मात्र पाणी भर उन्हाळ्यातही टिकले पाहिजे, नदीकाठी चराईचे गवत हवे आणि विश्रांतीसाठी लगतच दाट आडोसाही हवा. काझीरंगात ब्रह्मपुत्रेच्या पुराने बिले (उथळ तळी) भरतात व गवत नव्याने फुटते, परंतु पाणी चढू लागले की कळपांना उंच जागी सरकण्याची वाट मोकळी लागते. आपल्याकडे जलाशयाच्या काठाला ऊस आणि द्राक्षबागा भिडलेल्या आहेत. तेथे कळप सरकणार कुठे? उसात शिरलाच, तर पुढे काय होईल हे निफाडकरांना सांगायला नको.

रानवाट:
जागेइतकीच मोठी अडचण म्हणजे आपण पाहिलेल्या त्या गावच्या म्हशी. रानम्हैस ही पाळीव म्हशीची मूळ जात असल्याने दोघींचा संकर सहज होतो, आणि काही पिढ्यांत शुद्ध रानटी वाण विरून जाते. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्प हे रोगही गुरांकडूनच येतात. म्हणून माझ्या मते पाळीव गुरांपासून दूर असलेले कुरण हीच तिची पहिली गरज आहे, चिखल त्यानंतर.

गोदाकाठ:
पटले. मग गडचिरोलीतले कोलामार्का ह्या कसोटीला उतरते का?

रानवाट:
बऱ्याच अंशी. २०१३ मध्ये राज्य शासनाने तेथील सुमारे १८० चौरस किलोमीटर जंगल रानम्हशीसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केले. वस्ती विरळ आहे, आणि इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडचे जंगल लागूनच असल्याने कळपांना दोन्हीकडे ये-जा करता येते. तरीही आसपासच्या गावांतील गुरांचे लसीकरण आणि चराईवर नियंत्रण ह्या दोन गोष्टी तेथेही सुटत नाहीत.