बाप म्हणजे नुसता मदतनीस नव्हे

'बाळाचं पहिलं वर्ष आईचंच, बापाने पैसे आणावेत' हे मत मला अजिबात पटत नाही. अंगावर पाजणं सोडलं तर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, अंघोळ घालणं, यात बापाला न जमण्यासारखं काय आहे? तान्ह्या बाळाला जेमतेम २०-३० सेंमीवरचंच बऱ्यापैकी दिसतं, म्हणजे हातात घेतल्यावर आपला चेहरा असतो तेवढ्यावरचं. मग घ्या की उचलून!

जागरणं मात्र बेजार करतात. दर दोन-तीन तासांनी रडारड, आणि सकाळी ऑफिसात मीटिंगमध्ये डुलक्या. आम्ही रात्र वाटून घेतली, निदान सलग चार तास झोप तरी मिळायची.

आठव्या-नवव्या महिन्यात लेक आईला अशी चिकटली की मी घेतलं रे घेतलं, भोकाड! मन खट्टू होतं (पुरुष सांगत नाहीत, एवढंच). पण या वयात बहुतेक मुलांचं असंच असतं, ओसरतं ते. तेव्हा माघार घेऊ नका. माझी कॉलर मुठीत घट्ट धरून ती पहिल्यांदा खांद्यावर झोपली तेव्हा हात भरून आला, तरी हललो नाही.

आणि हो, 'तुला नाही जमायचं' म्हणत कुणी बाळ काढून घ्यायला आलं, तर गोड बोलून परत पाठवा.