रील लोक पाहतात, पण गाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. स्वतंत्र संगीतकाराने नेमके काय करावे?

मध्यसप्तक (प्रश्न)

नमस्कार. मी स्वतःची गाणी लिहिते, त्यांना चाली लावते आणि गिटारच्या साथीने घरीच ध्वनिमुद्रित करते. माझ्या पाठीशी कोणतीही संगीत कंपनी नाही. गेल्या दोन वर्षांत वितरकामार्फत (म्हणजे गाणी ऐकण्याच्या ॲपवर पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत) सहा गाणी मी स्वतःच स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक आणि यूट्यूबवर आणली. चार महिन्यांपूर्वी ठरवून इन्स्टाग्रामवर नियमितपणे रील टाकायला सुरुवात केली. त्यांपैकी एका रीलमध्ये मी दुसऱ्या कलाकाराचे अतिशय लोकप्रिय गाणे माझ्या पद्धतीने, संथ लयीत गायले होते आणि ती रील लाखभर लोकांनी पाहिली. फॉलोअर वाढले, कौतुकाचे संदेश आले. परंतु तीन आठवड्यांनी माझे नवे गाणे प्रकाशित झाले, तेव्हा पहिल्या आठवड्यात ते जेमतेम दीडशे वेळा ऐकले गेले आणि त्यांतले बरेच जण माझ्या ओळखीचेच असावेत.

तेव्हापासून मी गोंधळात आहे. रोज काहीतरी टाकलेच पाहिजे, असे सगळीकडे सांगितले जाते. नोकरी सांभाळून ते करायचे, तर रियाजाचा आणि नव्या चालींचा वेळ त्यातच जातो. जाहिरातीवर पैसे खर्च करावेत का, हा दुसरा प्रश्न. शिवाय ठरावीक रकमेत तुमचे गाणे मोठ्या प्लेलिस्टमध्ये घालून हजारो श्रोते मिळवून देतो, असे सांगणारे संदेश मला दर आठवड्याला येतात. त्यांचा विचार करावा का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांचे अनुभव वाचायला मला आवडतील.

ध्वनिरेषा

मी काही वर्षांपासून एका बँडच्या प्रकाशनांचे आणि समाजमाध्यमांचे काम पाहते. तुमच्याबाबतीत जे घडले ते आमच्याही बाबतीत घडले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची ती रील ज्यांनी पाहिली, ते मूळ गाण्याच्या ओढीने आले होते. एखाद्याने पूर्वी काय पाहिले, कुठे थांबला, काय पुढे पाठवले यावरून त्याला पुढे काय दाखवायचे हे ही माध्यमे ठरवतात. त्यामुळे तुमच्या खात्याची ओळख 'लोकप्रिय गाणी वेगळ्या पद्धतीने गाणारी गायिका' अशी झाली आणि जे फॉलोअर मिळाले तेही त्याच अपेक्षेने मिळाले. त्यांना तुमची स्वतःची चाल अजून माहीतच नाही. दुसऱ्यांची गाणी गाऊ नयेत असे मी म्हणत नाही, पण त्यांचे प्रमाण इतके कमी असावे की अनोळखी माणसाने तुमचे पान उघडले, तर पहिल्या सहा-सात चौकटींतून त्याला तुमचेच संगीत ऐकू यावे.

आता स्वतःच्या गाण्याची रील कशी करावी, याबद्दल. बहुतेक जण गाण्याची सुरुवात वापरतात आणि तिथेच श्रोता निसटतो, कारण आलाप किंवा गिटारचा सुरुवातीचा तुकडा पूर्ण गाण्यात शोभतो, पण रीलमध्ये पहिल्या दोन-तीन सेकंदांतच अंगठा पुढे सरकलेला असतो. गाण्यातली जी ओळ तुमचे मित्र ऐकल्यानंतर नकळत गुणगुणतात, ती ओळ शोधा आणि तिच्यापासूनच सुरुवात करा. शब्द पडद्यावर लिहा, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात आणि शब्दांनी पकडले तरच आवाज सुरू करतात. चित्रण उभ्या चौकटीत, ९:१६ या प्रमाणात करा. मग त्याच पंधरा-वीस सेकंदांच्या तुकड्याच्या पाच-सहा निरनिराळ्या रील करा: एकदा नुसते गाताना, एकदा ती ओळ सुचली त्या वहीचे पान दाखवून, एकदा सहगायिकेबरोबर दुसरा स्वर लावून. तेच ते पाहून लोक कंटाळतील ही भीती कलाकाराला वाटते, परंतु तुमच्या फॉलोअरपैकी बहुतेकांनी पहिली रील पाहिलेलीच नसते.

एक तांत्रिक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. वितरकाकडे गाणे देताना इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या संगीतसंग्रहाचाही पर्याय निवडा आणि गाणे प्रकाशित झाल्यावर रीलमध्ये त्या संग्रहातलेच अधिकृत ध्वनिमुद्रण वापरा. म्हणजे पाहणाऱ्याला गाण्याचे आणि तुमचे नाव दिसते आणि इतरांनाही त्यावर आपापली रील करता येते. खाते व्यावसायिक प्रकारचे असेल, तर या संग्रहातली बरीचशी गाणी वापरता येत नाहीत. म्हणून कलाकारांसाठी असलेला क्रिएटर हा प्रकार निवडावा.

प्रकाशनाची तारीखही घाईने ठरवू नका. स्पॉटिफायवर कलाकारांसाठी जे वेगळे दालन आहे, त्यातून अप्रकाशित गाणे संपादकांकडे विचारार्थ पाठवता येते. ते किमान ७ दिवस आधी पाठवले, तर संपादकांनी निवडले नाही तरी तुमच्या फॉलोअरच्या 'रिलीज रडार' या साप्ताहिक यादीत तेच गाणे जाते. वितरकाला लागणारा वेळ धरून आम्ही गाणे चार आठवडे आधी देतो आणि मधल्या काळात रील सुरू ठेवतो. तुम्ही गाणे आल्यानंतर प्रचार सुरू केला असावा, असा माझा अंदाज आहे.

खर्ज

ध्वनिरेषा यांच्या सूचना उपयुक्त आहेत, परंतु त्या सगळ्या दुसऱ्याच्या जागेत दुकान नीट कसे मांडावे याविषयी आहेत. ती जागा आपली नाही, हे मला आग्रहाने सांगायचे आहे.

मायस्पेस या एकेकाळच्या लोकप्रिय समाजमाध्यमाच्या काळापासून मी हे सर्व पाहत आलो आहे. २००५ च्या सुमारास आर्क्टिक मंकीज या बँडने कार्यक्रमांत फुकट वाटलेल्या सीडी चाहत्यांनीच इंटरनेटवर पसरवल्या, बँडच्या नावाचे मायस्पेसवरचे पानही चाहत्यांनीच उभे केले आणि हजारो संगीतकारांना वाटले की आता कंपन्यांची गरज संपली. आम्हीही आमची गाणी तिथे ठेवली. पुढे लोक दुसरीकडे गेले, आणि २०१९ मध्ये मायस्पेसने मान्य केले की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत चढवलेले संगीत नष्ट झाले. सुमारे १.४ कोटी कलाकारांची ५ कोटी गाणी गेल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. त्यांत आमची काही ध्वनिमुद्रणे होती, ज्यांची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती. त्याचे दुःख मला आजही आहे.

असे पुन्हा पुन्हा घडते. व्हाइन हे अगदी छोट्या व्हिडिओंचे ॲप २०१७ च्या जानेवारीत बंद झाले. फेसबुकने २०१८ च्या आरंभी मित्र आणि कुटुंबीय यांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे ठरवले, आणि आमच्या पानावर अनेक वर्षांत जमलेल्या लोकांपर्यंत आमची पोस्ट पोहोचणे जवळजवळ थांबले. २०२४ मध्ये युनिव्हर्सल म्युझिक ही बलाढ्य संगीत कंपनी आणि टिकटॉक यांचा करार फिसकटला, तेव्हा फेब्रुवारीपासून मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत जगातल्या सर्वांत नावाजलेल्या कलाकारांचीही गाणी तिथून काढली गेली होती. त्यांचे जिथे चालले नाही, तिथे आपले काय चालणार?

म्हणून रील, शॉर्ट, पोस्ट यांपैकी काहीही करा; पण त्यातून आलेल्या माणसाला आपल्या ताब्यातल्या ठिकाणी घेऊन जा. माझ्या दृष्टीने ते ठिकाण म्हणजे ईमेलची यादी. बायोमध्ये जो दुवा देता येतो, तो यादीत नाव नोंदवण्याच्या पानाचा असावा आणि नोंदणीच्या बदल्यात काहीतरी खरे द्यावे: अप्रकाशित गाणे, कच्चे ध्वनिमुद्रण, किंवा हाताने लिहिलेल्या शब्दांची प्रत. महिन्यातून एक पत्र पुरे. त्यात नुसते दुवे न देता ती चाल कशी सुचली, कुठे अडली, हे लिहा. माझ्या यादीत पाचशेहून थोडे अधिक लोक आहेत, आणि नवे गाणे आले की त्यांच्याकडून जितका प्रतिसाद मिळतो तितका मला कोणत्याही रीलने दिलेला नाही.

उत्पन्नाचाही विचार इथेच येतो. पोम्पलमूस या संगीतकार जोडीतल्या जॅक कॉन्टीचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर पाहिले जात असत, पण जाहिरातींतून मिळणारी रक्कम तुटपुंजी असे. त्यातूनच त्याने २०१३ मध्ये सॅम यॅम याच्यासह पेट्रियन सुरू केले, जिथे चाहते कलाकाराला थेट दरमहा पैसे देतात. बँडकॅम्प या, कलाकाराला गाणी थेट विकता येणाऱ्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ते ठेवतात आणि खरेदीदाराचा ईमेल पत्ता कलाकाराला मिळतो. थोड्या लोकांनी मनापासून विकत घेतलेले गाणे ही संगीतकारासाठी फार मोठी गोष्ट आहे.

तानपुरा_४

पैसे देऊन प्लेलिस्टमध्ये जाण्याबद्दल मी स्वतःचा अनुभव सांगतो, कारण तो भोगलेला आहे. एका सेवेने मला 'खरे श्रोते' मिळवून देण्याची हमी दिली. दहा दिवसांत आकडा झपाट्याने चढला. नंतर मी आकडेवारी नीट उघडून पाहिली, तेव्हा दिसले की जवळजवळ सगळे ऐकणे एकाच शहरातून होत होते, कोणीही गाणे सेव्ह केले नव्हते आणि फॉलोअर एकानेही वाढला नव्हता. पुढच्या महिन्यात वितरकाकडून कृत्रिम ऐकण्याबद्दल नोटीस आली आणि गाणे सगळीकडून काढले गेले. तीन वर्षांपूर्वी मनापासून केलेले ते गाणे होते. स्पॉटिफाय २०२४ पासून उघड कृत्रिम ऐकणे आढळलेल्या गाण्यांसाठी कंपन्यांना आणि वितरकांना दंड आकारते, त्यामुळे वितरक आता अशा बाबतीत फारसे ऐकून घेत नाहीत. ऐकण्याच्या संख्येची हमी जो कोणी देतो, त्याला उत्तरही देऊ नका.

त्याच वर्षापासून मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय मानधन देत नाही. हा नियम वाचला की आकडा विकत घेण्याचा मोह अधिकच होतो, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या हजारांच्या पलीकडे मिळणारी रक्कम इतकी लहान असते की तिच्यासाठी गाणे गमावण्याचा धोका पत्करू नये.

जाहिरात मात्र मी वर्ज्य मानत नाही. चूक होते ती पोस्टची लगेच जाहिरात करणारे 'बूस्ट' हे बटण तसेच दाबल्याने, कारण जाहिरातीचा जो हेतू निवडावा, त्या प्रकारची माणसे यंत्रणा शोधते. हेतू 'प्रतिसाद' असेल, तर नुसती पसंती देणारी माणसे मिळतात. दुव्यावर जाणारी हवी असतील, तर तो हेतू ठरवून निवडावा लागतो. आधी विनामूल्य टाकलेल्या रीलपैकी जी लोकांनी आपणहून पुढे पाठवली तिच्यावरच खर्च करा, आणि तोही आठवडाभर, गमावला तरी चालेल इतकाच. गाणे सेव्ह होत नसेल तर जाहिरात थांबवा.

आणखी एक सूचना. तुमच्या गाण्यात विकत किंवा मोफत घेतलेले तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे संगीताचे तुकडे) असतील, तर वितरकाकडे यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा, म्हणजे व्हिडिओंतले संगीत ओळखून आपोआप हक्क सांगणाऱ्या यंत्रणेचा, पर्याय निवडू नका. तोच लूप वापरणाऱ्या इतर संगीतकारांच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे लागतात आणि निष्कारण वैर निर्माण होते.

विलंबित

वरील सगळे वाचून माझ्यासारख्या सावकाश काम करणाऱ्या माणसाच्या छातीवर दडपण येते, म्हणून वेगळे मत मांडते. एकाच तुकड्याच्या पाच-सहा रील कराव्यात हे ध्वनिरेषा यांचे म्हणणे मला पटत नाही. माझ्याबाबतीत तिसऱ्या रीलपर्यंत माझाच त्या ओळीवरचा जीव उडाला, आणि ती ओळ मंचावर गाताना मला त्रास होऊ लागला. हे नुकसान कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

मध्यसप्तक यांचा मूळ प्रश्न वेळेचा आहे. मी महिन्यातला एक अर्धा दिवस चित्रणासाठी ठेवते. त्या दिवशी एकाच बैठकीत चार तुकडे गाऊन ठेवते आणि आठवड्याला एक प्रसिद्ध करते. इतर दिवशी ॲप फक्त उत्तरे देण्यासाठी, पंधरा मिनिटे उघडते. रियाजाच्या खोलीत फोन नेत नाही. वेग कमी आहे, पण गेली दोन वर्षे एकही आठवडा चुकला नाही आणि गाणी लिहिणे थांबले नाही. आठवड्याला एक रील याहून अधिक तुम्हाला झेपत नसेल, तर अधिक करू नका.

मला सर्वांत जास्त श्रोते मिळाले ते दुसऱ्या संगीतकारांमुळे. आपल्याच आकाराच्या, आपल्याशी सूर जुळणाऱ्या एखाद्या वादकासोबत एक गाणे करा आणि दोघांच्या खात्यांवर एकत्र दिसेल अशी संयुक्त पोस्ट टाका. त्याचे श्रोते मुळात नवे, अनोळखी संगीत ऐकणारेच असतात. लोकप्रिय गाण्याच्या मागे आलेले नसतात.

मध्यसप्तक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. ध्वनिरेषा यांचा अंदाज बरोबर आहे: गाणे ज्या दिवशी आले, त्या दिवशी मी पहिली रील टाकली होती, आणि संपादकांकडे गाणे पाठवता येते हे मला ठाऊकच नव्हते. खर्ज यांचे वाचून काल रात्री आधी सहाही गाण्यांच्या मूळ फाइलींच्या दोन वेगळ्या प्रती केल्या. वेळेच्या बाबतीत मी विलंबित यांचे ऐकणार आहे आणि प्लेलिस्टवाल्यांच्या त्या संदेशांना उत्तर देणार नाही. पुढचे गाणे सहा आठवड्यांनी आणते.

एकच शंका उरते. ती लोकप्रिय गाण्याची रील आता काढून टाकावी का? नवा माणूस अजूनही तिच्यावरूनच माझ्या पानावर येतो.

ध्वनिरेषा

काढू नका. इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट पानाच्या वर कायम ठेवता येतात. त्या तिन्ही जागांवर तुमच्या स्वतःच्या गाण्यांच्या रील लावा, म्हणजे तिच्यावरून आलेल्या माणसाला आधी त्या दिसतील. लोकप्रिय गाण्याच्या त्या रीलखाली स्वतःच एक प्रतिक्रिया लिहून वर कायम ठेवा: 'हे आवडले असेल, तर याच आवाजातले माझे स्वतःचे गाणे पानावर सर्वांत वर आहे.' ज्यांनी तिथे कौतुकाचे संदेश लिहिले होते, त्यांना नवे गाणे येण्याच्या आदल्या आठवड्यात एकेकाला, नाव घेऊन उत्तर द्या. वेळ लागेल, पण विलंबित यांची ती पंधरा मिनिटे त्याच कामी लावा. आणि विलंबित, ती ओळ गाताना तुम्हाला त्रास झाला हे वाचून मी आमच्या गायकाला विचारले. तोही तेच म्हणाला, आणि मी त्याला हे आधी कधीच विचारले नव्हते. पुढच्या गाण्यासाठी आम्ही तीनच रील करणार आहोत, आणि तिन्हींसाठी गाण्यातल्या वेगवेगळ्या ओळी घेणार आहोत.