पुतण्याच्या मणक्याच्या पाण्यात ब्लड कॅन्सरच्या पेशी निघाल्या, सल्ला हवा

दारव्ह्याचा_काका:
पुतण्या नऊ वर्षांचा आहे. ए.एल.एल. प्रकारचा ब्लड कॅन्सर, नागपूरला केमो चालू. आता मणक्याच्या पाण्यातही पेशी निघाल्या. डॉक्टर म्हणतात मणक्यातली इंजेक्शनं वाढवावी लागतील, पुढे डोक्याला शेकही (रेडिएशन) लागू शकतो. गावात जो भेटायला येतो तो सांगून राहिला की पाठीत सुई टोचली की पोराचे पाय जातात. वहिनीनं जेवण सोडलं. थांबवून मुंबईला न्यावं का?

वॉर्डातली_सिस्टर:
दादा, ही इंजेक्शनं चुकवू नका. नसेतून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत, मेंदूभोवतीचा पडदा त्यांना अडवतो. पेशी नेमक्या तिथंच लपतात. मणक्यातलं पाणी आणि मेंदूभोवतीचं पाणी एकच, म्हणून मेथोट्रेक्सेट, सायटॅराबिन ही केमोची औषधं थेट मणक्याच्या पाण्यात सोडतात. सुई कमरेच्या खालच्या भागात टोचतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे पाय जायची भीती वहिनींच्या मनातून काढा. आधी प्लेटलेट बघतात, कमी असल्या तर चढवतात. नंतर पोराला सपाट झोपवून ठेवा, पाणी भरपूर पाजा. डोकं दुखू शकतं. उलट्या, डोळ्यांना दोन-दोन दिसणं किंवा झटका आला तर लगेच कळवा.

एक गोष्ट मात्र विचारून ठेवा. व्हिन्क्रिस्टीन हे औषध फक्त नसेतून द्यायचं असतं, मणक्यात गेलं तर जिवावर बेततं. काळजी घेणाऱ्या वॉर्डात ते लहान सलाईनच्या पिशवीतून देतात आणि मणक्याच्या इंजेक्शनाच्या वेळी जवळ ठेवतच नाहीत. 'आज कोणतं औषध, कुठून देणार?' हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

उमरखेडची_आई:
भाऊ, माझी लेक यातून गेली, आता शाळेत जाते. तिला मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट नसेतूनही दिलं होतं. मोठा डोस दिला की ते मेंदूपर्यंत पोचतं. त्या दिवसांत सलाईन सतत चालू, लघवी मोजून लिहायची, रक्तातली औषधाची पातळी तपासायची आणि ल्युकोव्होरिन, म्हणजे मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करणारं औषध, वेळेवर द्यायचं. मी वहीत तास लिहून ठेवायची. दुखण्याची गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं देऊ नका, काढा-जडीबुटी तर नाहीच. ताईंना माझ्याशी बोलायचं असेल तर इथंच निरोप ठेवा, मी फोन करीन.

विज्ञान_शिक्षक:
१९६० च्या दशकात अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी पेशी मेंदूत दिसायच्या आधीच तिथले उपचार सुरू केले. त्याआधी मुलं बरी झालेली वाटायची आणि आजार मेंदूतून परत यायचा. त्या उपचारांनी जवळपास निम्मी मुलं वाचू लागली. शेकाचे शिकण्यावर आणि वाढीवर परिणाम होऊ शकतात, म्हणून आता बहुतेक मुलांना तो टाळतात. पण पेशी सापडल्या असतील तर काही वेळा लागतो. का, किती आणि कधी, हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा.

बडनेऱ्याचा_भाऊ:
मुंबईबद्दल माझं स्पष्ट मत: चालू उपचार मध्येच तोडून नेऊ नका. गाडी, नंबर, नव्यानं तपासण्या, यात आठवडे जातात. दुसरं मत हवं असेल तर आधी फाईल पाठवा, मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं मत घरबसल्या मिळवायला 'नव्या' ही ऑनलाइन सोय आहे. जावंच लागलं तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपरला पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या माणसालाही मोठी सूट आहे. फॉर्मवर डॉक्टरांची सही घ्या. दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, तिथं विचारा. पैशाचं म्हणाल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार दाखवून महात्मा फुले योजनेत बसवून घ्या.

दारव्ह्याचा_काका:
सगळ्यांचे आभार. वहिनीला वाचून दाखवलं. उमरखेडच्या ताई, ती तुमच्याशी बोलते म्हणाली. नागपूरलाच चालू ठेवतो. सिस्टर, गावी आल्यावर ताप आला तर?

वॉर्डातली_सिस्टर:
१००.४ च्या वर गेला की लगेच निघा, रात्र असली तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. वॉर्डाला फोन लावा. नागपूर लांब पडत असेल तर जवळच्या कोणत्या दवाखान्यात पहिलं अँटिबायोटिक मिळेल, हे सुट्टी व्हायच्या आधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.