अनुभव धागा: रोज एक फोटो, इंग्लंडच्या खेड्यातली माणसं आणि त्यांचे दिवस

रानवाट

काल रात्री जेम्स रॅव्हिलियस या इंग्रज फोटोग्राफरचे फोटो बघत बसले होते. त्यातला एक बघितला आणि पुढे झोपच आली नाही. आर्ची पार्कहाउस नावाचा म्हातारा शेतकरी आजारी मेंढ्यांसाठी आयव्हीच्या वेलीचा भारा घेऊन चाललाय. गाव डॉल्टन, साल १९७५. आम्ही राहायचो ते गाव तिथून फार लांब नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॅव्हिलियस १९७२ मध्ये नॉर्थ डेव्हनला राहायला आला. बीफर्डच्या कलाकेंद्राने त्याला आसपासच्या लोकांचं रोजचं जगणं टिपायचं काम दिलं. टॉ आणि टॉरिज या दोन नद्यांमधला मुलूख. हे काम त्याने सतरा वर्षं केलं आणि सत्तर हजारांहून जास्त कृष्णधवल फोटो मागे ठेवले. लायका कॅमेरा, जुनी भिंगं, बऱ्याचदा उजेड समोरून येणारा. फोटोतली माणसं त्याच्याकडे बघत नाहीत, आपापल्या कामात असतात. शेजारी म्हणून रोज दिसणाऱ्या माणसालाच असे फोटो मिळतात असं मला वाटतं.

आम्ही तिकडे होतो तेव्हा नवऱ्याची नोकरी तिथल्या दवाखान्यात, मुलगी लहान, मी घरी. रोज एक फोटो काढायचा आणि वहीत तारीख घालून दोन ओळी लिहायच्या असं ठरवलं. आधी टेकड्या, ढग, गायी. एकदा बेकरीतली बाई म्हणाली, "माझा कधी काढणार?" तिचा काढला, पिठाने भरलेल्या हातांसकट. त्यानंतर वही माणसांचीच झाली. पोस्टमन, शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं, रविवारी चर्चची घंटा ओढायला येणारे चौघे.

आणि आमचा शेजारी. सत्तरी ओलांडलेला. हिवाळ्यात बांधावरची झुडपं आडवी करायचा. हे काम मी तासन् तास बघितलंय. कोयत्याने बुंधा तळाशी तिरका कापायचा, पण पूर्ण नाही. सालीची आणि लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवायची आणि बुंधा हळूच बांधावर निजवायचा. त्या पट्टीतून रस चढत राहतो, झाड जगतं, वसंतात बुडापासून नवे धुमारे सरळ वर येतात आणि कुंपण दाट होतं. निजवलेल्या फांदीला तिकडे स्टीपर म्हणतात. ती बेचक्याच्या खुंटीने बांधात ठोकायची. मार्चमध्ये पाखरं घरटी करायला लागायच्या आत सगळं उरकायचं. त्याच्या हातांचे फोटो माझ्याकडे खूप आहेत. चेहऱ्याचे कमी, कारण तो सारखा खालीच वाकलेला.

इंग्लंडच्या खेड्यात ज्यांनी दिवस काढलेत, फोटो काढलेत किंवा काढायचे राहून गेलेत, त्यांनी लिहा. फोटोपेक्षा त्यातला माणूस सांगा.

दुपारचा चहा

किती छान लिहिलंयस गं. पोळ्या टाकायच्यात, रात्री सविस्तर लिहिते.

घाटमाथा

श्रॉपशर, वेल्सच्या हद्दीजवळ. शिकायला होतो आणि एका मेंढपाळ कुटुंबाकडे खोली घेतली होती. मार्च-एप्रिल म्हणजे मेंढ्या व्यायचे दिवस, घरात कुणी धड झोपत नाही. रात्री दोनला मालकीणबाई दार वाजवायच्या, "कॅमेरा राहू दे, आधी बॅटरी धर."

तिथे बघितलेली एक गोष्ट. एका मेंढीचं कोकरू मेलेलं जन्मलं, दुसऱ्या एका कोकराची आई दगावली. मेंढी परकं कोकरू जवळ करत नाही, वासावरून ओळखते आणि ढुशी मारते. मग मालकांनी मेलेल्या कोकराचं कातडं सोलून काढलं, पायांसाठी भोकं ठेवली आणि ते पोरक्या कोकराच्या अंगावर चढवलं. चार पाय चार भोकांतून बाहेर. मेंढीने हुंगलं, परत हुंगलं, आणि प्यायला दिलं. दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकतात. तोवर तिचंच दूध पिऊन त्याला तिचा वास लागलेला असतो.

फोटो आहे माझ्याकडे. मेंढीचं नाक आणि ते दुहेरी कातड्यातलं कोकरू. घरी पाठवला तर आईने फोन करून "असलं काही पाठवू नकोस" म्हणून सांगितलं. वडिलांनी मात्र छापून घेतला.

साखरांबा

घाटमाथा, अंगावर काटा आला वाचून. आमच्या आजीकडे कराडला गाईचं वासरू गेलं होतं, तेव्हा कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवलेलं मी लहानपणी बघितलंय. गाय ते चाटायची आणि पान्हा सोडायची. आजी धार काढताना तिच्याशी बोलत राहायची. दोन्हीकडच्या माणसांना हे कुणी शिकवलं असेल?

घाटमाथा

साखरांबा, हे मालकांना सांगायला हवं होतं. त्यांनी खुर्ची ओढून ऐकलं असतं.

कऱ्हाकाठ

मी कंब्रियात होतो २००१ साली. सगळ्यांना आठवत नसेल म्हणून सांगतो, लाळ्या-खुरकूत, जनावरांची साथ. फेब्रुवारीत एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि बघता बघता देशभर गेलं. साठ लाखांहून जास्त जनावरं मारली. कंब्रिया सगळ्यात जास्त पोळलं, डेव्हनही. निवडणूक मे महिन्यातून ७ जूनला ढकलली होती.

मी तेव्हा रोज ड्यूटीवरून आल्यावर चालायला जायचो आणि एक फोटो काढायचो. पायवाटा बंद केल्या. फाटकांवर पाट्या, प्रत्येक शेताच्या तोंडाशी जंतुनाशकात भिजवलेला पेंढा पसरलेला, त्यावरून गाडी न्यायची. लांबून धूर दिसायचा. वास कुठला ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलायचं नाही.

त्या दिवसांतले माझे सगळे फोटो खिडकीतून काढलेले आहेत. समोर दगडी गडगा, त्यापलीकडे कुरण. आधी मेंढ्या असायच्या, मग नुसतं गवत. मे महिन्यात गवत गडग्याच्या निम्म्यापर्यंत आलं, कारण खायलाच कुणी नव्हतं. वॉर्डमध्ये एक शेतकरी आला होता छातीत दुखतंय म्हणून. तपासणीत काही निघालं नाही. मी विचारलं, जनावरं किती होती? त्याने आकडा सांगितला नाही, एकेका गाईचं नाव सांगायला लागला. मी स्टूल घेऊन बसलो. त्याचा फोटो नाही, आणि तो मी काढलाही नसता.

रानवाट

कऱ्हाकाठ दादा, काय लिहू कळत नाही. आमच्या शेजाऱ्याचा त्या वर्षाचा विषय निघाला की तो उठून किटली ठेवायचा. आम्ही पुढे विचारायचो नाही.

तिखटजाळ

मी यॉर्कशरमध्ये आहे सध्या. एक विचारायचं होतं, चिखलासाठी बूट कुठले घेता? वेलिंग्टनने माझ्या पोटऱ्या सोलवटून निघतात. आणि पावसात मोबाईलवर फोटो काढताना स्क्रीनला बोट लागत नाही, त्यावर काही उपाय?

घाटमाथा

जाड लोकरी मोजे, गुडघ्यापर्यंत, आणि मोज्याची कड बुटाबाहेर दुमडायची. मोबाईलला आवाजाच्या बटणाने फोटो निघतो, स्क्रीनला हात लावायची गरज नाही.

तिखटजाळ

आवाजाचं बटण!! देव भलं करो.

पाऊसवेडी

आमचं डर्बीशर. टिसिंग्टन गावात ईस्टरनंतरच्या असेन्शनच्या (ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या) गुरुवारी विहिरी सजवतात. सहा पाणवठे आहेत, प्रत्येकाशी फुलांचं एक मोठं चित्र उभं करतात. पाणी आटलं नाही याची कृतज्ञता. बघायला हजारो येतात, पण मला आदल्या दिवसांत जायला मिळालं, मैत्रिणीची सासू त्या कामात होती म्हणून.

लाकडी चौकट आधी पाण्यात बुडवून ठेवतात, चांगली भिजेपर्यंत. मग तिच्यावर ओली चिकणमाती थापायची, गुळगुळीत. कागदावरचं चित्र मातीवर ठेवून टोचून टोचून उतरवायचं. बाह्यरेषेला बिया, ऑल्डरच्या झाडाचे छोटे गोंडे किंवा कॉफीचे दाणे, आणि मग पाकळ्या. त्या खालून वर लावत जायच्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर थोडी चढवून, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. कोठारात सात-आठ जणी, गुडघ्याला गुडघा लावून, बोटं मातीने गारठलेली. गप्पा कसल्या? कुणाच्या सुनेचं काय, डॉक्टरची वेळ मिळत नाही, चहात साखर कोण घेतं. मला एका बाईंनी हायड्रेंजियाच्या पाकळ्या सोलायला बसवलं. निळ्या वेगळ्या, जांभळ्या वेगळ्या.

रोजचा फोटो म्हणून मी त्या दिवशी त्या बायांच्या कोपरांचा काढला. सगळ्यांच्या बाह्या वर सरकवलेल्या, एका ओळीत. सजलेल्या विहिरीचा फोटो कुठेही मिळतो. आठवड्याभरात पाकळ्या करपतात आणि सगळं उतरवतात.

मोडीवाचक

विषयाला थोडं सोडून, पण खेड्यातलंच आहे. मी पायी फिरतो ते इतिहासामागे. ग्लॉस्टरशरमधलं डेल्सफर्ड. ज्या वॉरन हेस्टिंग्जच्या काळात पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह, तो तिथेच १८१८ मध्ये वारला आणि तिथल्या चर्चपाशी पुरला आहे. इकडे त्याच वर्षी पेशवाई बुडाली. आणि सरेमधलं लिम्प्सफील्ड. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुण्याचा रेसिडेंट, पुढे मुंबईचा गव्हर्नर, १८५९ मध्ये तिथे गेला.

लिम्प्सफील्डला गेलो तेव्हा एक आजोबा चर्चच्या आवारात गवत कापत होते. मी पुण्याचा म्हटल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं. खडकीची लढाई त्यांना ठाऊक नव्हती, मीच सांगितली. त्यांनी मला आवारातली सगळ्यात जुनी झाडं दाखवली. फोटो त्यांचा काढला, विचारून. कबरीचे फोटो पुस्तकांत असतात, गवत कापणाऱ्याचा नसतो.

साखरांबा

मोडीवाचक काका, यावर वेगळा धागा काढा ना. खरंच.

सागरगोटा

ससेक्समध्ये पॅचम गावाच्या वर डाउन्स टेकड्यांवर स्मारकाची छत्री आहे, पांढऱ्या संगमरवराची. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन तिथे झालं. त्रेपन्न जण. १९२१ मध्ये बांधकाम खुलं केलं. रस्ता नाही, शेतातून चढून जावं लागतं. मी तिथल्या कुत्रा फिरवणाऱ्या बाईंचे फोटो काढते, ऋतूप्रमाणे. त्या रोज पायऱ्यांपाशी क्षणभर थांबतात. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "घरापासून इतके लांब होते ना."

लेस्टरकर

सगळ्यांचं वाचून मन भरून आलं. माझा मुद्दा परवानगीचा. इथे रस्त्यावर माणसाचा फोटो काढायला कायद्याने परवानगी लागत नाही, तरी खेड्यात विचारावंच, विशेषतः लहान मुलं असतील तर. मी २०२० मध्ये सुरू केलं. मार्चपासून दिवसातून एकदाच व्यायामाला बाहेर पडायचं होतं, तेव्हा आमच्या गावाबाहेरच्या पायवाटेने एकच फेरी, रोज तीच. गावात आम्ही एकटेच भारतीय. तोवर लोक हसून मान हलवायचे, त्यापुढे काही नाही. त्या दिवसांत दोन मीटर लांबून ओरडून बोलणं सुरू झालं! एक आजी फाटकाआत खुर्ची टाकून बसायच्या, मी रोज त्यांचा फोटो काढावा म्हणून रोज वेगळी टोपी. मी दर रविवारी छापून त्यांच्या पेटीत टाकायचो. ती अंड्यांची पेटी होती, सहा अंडी न्या, पैसे डब्यात टाका, वर कुणी लक्ष ठेवायला नाही.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. मुलाने अंत्यविधीच्या पत्रिकेवर माझा फोटो छापला, पिसाच्या टोपीतला. मला चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसवलं.

दुपारचा चहा

आत्ता वाचलं सगळं. पोळ्या थंड, डोळ्यांत पाणी. लेस्टरकर, त्या आजींचे बाकीचे टोप्यांचे फोटो सांभाळून ठेवा, त्यांच्या मुलाला एकत्र अल्बम करून द्या.

लेस्टरकर

दिला ताई. नातीने नेला.

रानवाट

कामावरून येता येता बसमध्ये वाचतेय. बीफर्डच्या संग्रहाची अजून एक गोष्ट सांगायची राहिली. रॅव्हिलियसने स्वतःचे फोटो काढलेच, शिवाय गावोगावच्या घरांतले जुने कौटुंबिक फोटो मागून आणून त्यांच्या प्रतीही केल्या. हजारो आहेत. लग्नं, सुगी, शाळेच्या रांगा. बरेचसे आता ऑनलाइन बघता येतात. लेस्टरकरांचे अल्बम, घाटमाथाचं कोकरू, हे सगळं तिथल्या तिथल्या ग्रंथालयांना किंवा गावच्या इतिहास मंडळांना द्या. नाव, तारीख, जागा लिहून. नावाशिवाय दिलेल्या फोटोतला माणूस वीस वर्षांनी कुणालाच ओळखू येत नाही.

तिखटजाळ

पाऊसवेडी, टिसिंग्टनला यंदा जायचंच. तारीख कशी काढायची? आणि गाडी नाही माझ्याकडे.

पाऊसवेडी

ईस्टरचा रविवार एक धरून चाळिसावा दिवस, नेहमी गुरुवारच येतो. ॲशबर्नपर्यंत बसने ये. तिथून जुन्या रेल्वेमार्गावरची पायवाट आहे, टिसिंग्टन ट्रेल, सायकलही भाड्याने मिळते. चालत दीड-दोन तास. गुरुवारी गर्दी फार, शुक्रवारी सकाळी ये. छत्री आणू नकोस, रेनकोट आण. येणार असशील तर मला कळव, कोठारातल्या त्या बाईंची ओळख करून देते. पाकळ्या सोलायला त्यांना दरवर्षी हात कमीच पडतात.