ताक म्हणजे नक्की काय? डेन्मार्कवाली पण म्हणते, पोलंडवाला पण म्हणतो

कुपवाडकर:
मंडळी, प्रश्न बिनकामाचा आहे, सांभाळून घ्या. मी कुपवाड एमआयडीसीत कास्टिंगच्या कंपनीत एक्सपोर्टचं बघतो, आमची दोन गिऱ्हाईकं युरोपात आहेत, एक डेन्मार्कचं आणि एक पोलंडचं. पोलंडवाला व्हिडिओ कॉलवर ड्रॉइंग बघताना शेजारच्याशी बोलतो तेव्हा सारखं "ताक, ताक, ताक" चालू असतं, आणि डेन्मार्कची बाई कॉल संपला की "ताक" म्हणून फोन ठेवते. आमचा क्वालिटीचा पोरगा म्यूट करून हसत बसतो, म्हणतो साहेब ह्यांना एकदा मिरजेला बोलवून मठ्ठा पाजूया.

गुगल केलं तर पोलिशमध्ये ताक म्हणजे हो आणि डॅनिशमध्ये थँक्यू. इथवर ठीक होतं, पण खाली अजून निघालं की स्वीडिशमध्ये ताक म्हणजे छप्पर आणि डचमध्ये झाडाची फांदी! घरच्या ग्रुपवर टाकलं तर काकांनी लगेच फॉरवर्ड पाठवला की हे सगळं आपल्या "तथास्तु"चं बिघडलेलं रूप आहे. तर हा एकच शब्द गावोगाव फिरून अर्थ बदलत गेला, का चार वेगळेच शब्द आहेत? आणि आपल्या ताकाशी काही संबंध? "योगायोग" एवढं एका ओळीत लिहून पळू नका कुणी.

बेदाणा_तासगाव:
ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, त्या बाईलाच विचारा की सरळ.

सातारी_जर्मन:
मी साताऱ्यात जर्मनच्या शिकवण्या घेते त्यामुळे डॅनिश, स्वीडिश आणि डचचं सांगू शकते, पोलिशचं दुसऱ्या कुणीतरी सांगा.

आधी थँक्यूवालं. डॅनिश ताक, नॉर्वेजियन आणि आइसलँडिक टक्क, स्वीडिश टक्क, हे सगळे इंग्लिशच्या थँक आणि जर्मनच्या डांक ह्यांचे सख्खे भाऊ. मूळ शब्दात न होता, इंग्लिश-जर्मनमध्ये तो अजून ऐकू येतो, उत्तरेकडच्या लोकांनी न गिळला आणि क दुप्पट केला. ड्रिंकचं पण तसंच, डॅनिशमध्ये पिणे म्हणजे द्रिके, न गायब. थँक आणि थिंक पण एकाच घरातले, आभार मानणे म्हणजे मुळात मनात ठेवणे, आठवणे.

आता छप्पर, आणि मला विचाराल तर खरी मजा इथंय. स्वीडिश ताक, जर्मन डाख, डच डाक आणि इंग्लिशमध्ये थॅच, म्हणजे आपल्याकडं पावसाळ्याआधी गवतानं शाकारतात तसलं छप्पर. हा शब्द वरच्या थँक्यूपेक्षा पूर्ण वेगळा, ह्याचं मूळ "झाकणे". लॅटिनमध्ये तेगेरे म्हणजे झाकणे, त्यातून तेगुला म्हणजे कौल, त्याचंच इंग्लिशमध्ये टाइल झालं, आणि रोमन लोक अंगावर गुंडाळायचे तो टोगा पण ह्याच धातूचा.

बघा, थँक-डांक-ताक आणि थॅच-डाख-ताक, दोन्हीकडं थ, ड, त असाच क्रम लागतो. थ्री, द्राय, त्रे घ्या, थिंग, डिंग, तिंग घ्या, तसंच. इंग्लिशनं थ ठेवला, जर्मननं ड केला, स्कँडिनेव्हियानं त. पण त्याच्याही आधी मूळ भाषेत तिथं त च होता, लॅटिनमध्ये त्रेस, आपल्याकडं त्रि. म्हणजे स्वीडिश माणसानं त चा थ केला आणि काही शतकांनी थ चा परत त केला! ह्यातल्या पहिल्या बदलाचा नियम याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये मांडला, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांमधला थोरला तो.

डच ताकचं थोडक्यात सांगते. तो मुळात टोकदार, बाहेर आलेल्या गोष्टीचा शब्द, जर्मनमध्ये त्साके म्हणजे टोक किंवा दाता. त्यातून फांदी, आणि धंद्याची शाखा म्हणायलाही डचमध्ये ताकच वापरतात, आपण शाखा वापरतो तसंच.

स्वीडिशमध्ये थँक्यू आणि छप्पर ऐकायला सेम नाहीत बरं का. थँक्यूचा अ आखूड आणि क ठासून, छपराचा आ लांब. छपराचा उच्चार आपल्या ताकाला अगदी जवळचा.

कृष्णाकाठ:
पोलिशचं मी घेतो, मी पूर्वी रशियन शिकलोय, त्या जोरावर पोलिश बऱ्यापैकी वाचता येतं.

दादा, तुमच्या पोलंडवाल्याचं ताक म्हणजे मुळात "तसं". पोलिश आणि युक्रेनियनमध्ये त्याचा अर्थ हो झाला, रशियन आणि चेकमध्ये तो अजून "तसं, असं" एवढाच आहे, हो म्हणायला रशियन "दा" म्हणतो. आपण पण कुणाचं ऐकताना "असं... असं..." करत मान डोलावतो ना, त्यातलाच प्रकार. इटालियन आणि स्पॅनिशचं "सी" पण लॅटिन सिक वरून आलंय, म्हणजे "असं". फ्रेंच "वी" निघालंय लॅटिनच्या "हे, तो" ह्या दोन शब्दांतून. दक्षिण फ्रान्समध्ये हो म्हणायला "ओक" म्हणायचे, त्यावरून तिथल्या भाषेला आणि मुलखालाच लांगदोक नाव पडलं. आपलं होय मात्र भवति पासून, म्हणजे "आहे, होतं". आमच्या वाळव्याकडं व्हय म्हणतात त्यात तर तो मूळ व अजून ऐकू येतोय असं मला उगाच वाटतं.

पण नातं जर बघायचंच असेल तर ते तथास्तुत बघू नका, इथं बघा. पोलिशमध्ये "तेन, ता, तो" म्हणजे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी "हा, ही, हे". आपलं तो, ती, ते. पोलिशमध्ये याक म्हणजे जसं आणि ताक म्हणजे तसं. एक म्हण आहे, "याकी ओइचेत्स, ताकी सिन", म्हणजे जसा बाप तसा लेक. त्यातला य म्हणजे संस्कृतातला यद् चा य, मराठीत त्याचा ज झाला, आणि त म्हणजे तद् चा त. पुढची शेपटं दोघांनी आपापली लावली, पण जोडी तीच. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मास्तरांना न विचारता अर्थ लागला होता.

जाता जाता, हा शब्द आपल्या भागाला अगदीच नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, त्यांच्या शाळा, चर्च, दुकानं सगळं तिथंच. मिरज-कोल्हापूर गाडीनं जाताना वळिवडे स्टेशन लागतं बघा.

शुद्धमराठी_कराड:
म्हणजे फिरून फिरून संस्कृतच आलं की. यद्, तद्, त्रि. मग काकांचं काय चुकलं?

सातारी_जर्मन:
चुकलं हे की ते संस्कृतला आई करतायत, ती मोठी बहीण आहे. १७८६ मध्ये विल्यम जोन्स ह्या ब्रिटिश न्यायाधीशानं कलकत्त्याच्या भाषणात हेच म्हटलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान मुळातून आलेल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. आणि फॉरवर्डवाले फक्त ऐकायला सारखं ते उचलतात, त्यामुळं खरी नाती त्यांच्या हाताला लागत नाहीत. स्वीडिश छपराचं संस्कृतातलं भावंड कोण माहितीय? स्थग् धातू, झाकणे. सुरुवातीचा स काही भाषांत राहतो, काहींत गळतो. त्यावरून स्थगित, म्हणजे मुळात झाकलेलं. आपल्याकडं सभा स्थगित होते, ती स्वीडनच्या छपराची नातेवाईक. ठग पण ह्याच घरातला, लपवाछपवी करणारा. ऐकून कुणाला पटेल का?

आणि आपलं ताक तक्र वरून, चक्रचं चाक झालं, हस्तचा हात झाला तसं तक्रचं प्राकृतात तक्क आणि मराठीत ताक. त्याचा डेन्मार्कशी पण संबंध नाही आणि पोलंडशी पण नाही. त्यांनी न गिळला, आपण र गिळला, आणि सगळे झिजून झिजून एकाच दोन अक्षरी आवाजावर येऊन टेकले. शब्द जितका आखूड तितकी अशी टक्कर जास्त, लांब शब्दांचं सहसा असं होत नाही.

बेदाणा_तासगाव:
तुर्कीत चष्मा "घाल" म्हणायला पण ताक म्हणतात आणि कमानीला पण ताक म्हणतात. कमानीचा शब्द अरबी-फारशीतून गेलाय, हिंदीत "ताक पर रखना" म्हणतात त्यातला कोनाडा तोच. घ्या अजून दोन ग्लास.

डेन्मार्कची_सांगलीकर:
मी लग्नानंतर इकडं आले, माहेर विश्रामबागचं. अर्थाचं वर सांगून झालंय, मी वापराचं सांगते, कुपवाडकर भाऊंना धंद्यात उपयोगी पडेल. इथं प्लीजला असा सरळ एक शब्दच नाही, त्याचं काम पण ताकच करतं, कॉफी मागताना "एक कॉफी, ताक". जेवून उठताना "ताक फॉ मॅड" म्हणजे जेवणाबद्दल आभार, हे लहान पोरं पण म्हणतात, न म्हणता उठलं तर घरचे बघतात. आपल्याकडं आजोबा लोक अन्नदाता सुखी भव म्हणायचे त्याची आठवण येते. मागच्या वेळी भेटलेलं माणूस परत भेटलं की "ताक फॉ सिस्त", मागच्या भेटीबद्दल आभार. हे मला अजून वेळेवर सुचत नाही.

एक लक्षात ठेवा, डॅनिश माणसाला चहा घेणार का विचारलं आणि तो "या ताक" म्हणाला तर घेणार, "नाय ताक" म्हणाला तर नको. ते नाय अगदी आपल्यासारखं ऐकू येतं. जर्मन माणूस मात्र नुसतं "डांके" म्हणाला तर बऱ्याचदा नको असतं, कप भरू नका.

कुपवाडकर:
लई भारी माहिती दिलीत सगळ्यांनी, काकांना लिंक पाठवलीय. आता एक शेवटचं, कृष्णाकाठ सर तुम्हाला. आमचा पोलंडवाला मधूनच "नो, नो" पण म्हणतो आणि लगेच "नो ताक" म्हणतो. हो म्हणतोय का नाही म्हणतोय?

कृष्णाकाठ:
हो म्हणतोय. पोलिशमध्ये बोलताना "नो" म्हणजे "हां, हो ना", आणि "नो ताक" म्हणजे "हां, बरोबर". चेक लोक पण "आनो" म्हणजे हो, त्याचं बोलताना नुसतं "नो" करतात. नाही म्हणायचं असलं की पोलिश माणूस "ञे" म्हणतो, आपण ञ कधी वापरत नाही पण तिथं तोच लागतो. तेव्हा रेट सांगितल्यावर तो "नो" म्हणाला तर घाईनं दोन टक्के कमी करून बसू नका, "ञे" ऐकू येईपर्यंत थांबा.