मदत हवी आहे: वाग्नर ऐकवताना आधी किती सांगावं?

राजारामपुरीत आमची घरगुती श्रवणबैठक असते. पंधराएक जण, सगळे ख्याल ऐकणारे. रविवारी रिचर्ड वाग्नर हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार ऐकवायचाय. त्यानं १८५० साली टोपणनावानं ज्यूद्वेषी लेख लिहिला आणि १८६९ मध्ये तोच स्वतःच्या नावानं पुन्हा छापला, म्हणजे उमेदीतली चूक म्हणून सोडताही येत नाही. तरी २००१ मध्ये बॅरनबॉइम या ज्यू संगीतकारानं जेरुसलेममध्ये श्रोत्यांशी बोलून त्याची रचना वाजवलीच. काही जण उठून गेले, बरेच थांबले.

गेल्या खेपेला मी हे आधी सांगितलं, तर एक काका पहिल्याच सुरांना चहाचा कप खाली ठेवून निघाले. नंतर सांगायचं म्हणजे फसवल्यासारखं वाटतं. गप्प बसणं मला मान्य नाही. निवेदनाला दहाच मिनिटं, तीही मराठीत.

असा कार्यक्रम कुणी केलाय का? हे आधी सांगितलंत की नंतर, आणि सुरुवात कुठून केलीत?