मदत हवी आहे: सिग्नलला गाडी तापते, फॅन उशिरा लागतो

नमस्कार मंडळी. माझी जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे, रेडिएटरमागे दोन इलेक्ट्रिक फॅन. हायवेला तापमानाचा काटा मधोमधून हलत नाही. तिथे वाराच रेडिएटर गार ठेवतो. सिग्नलला पाच मिनिटं थांबलं की मात्र चढतो. स्कॅनर लावला तर 106 अंशांपर्यंत फॅन लागलाच नाही. एसी चालू करताच दोन्ही फिरले, म्हणजे मोटारी ठीक असाव्यात.

कूलंट पूर्ण आहे, हवाही काढली. पण रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चटका देतो आणि खालचा कोमटच. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकतोय, की रेडिएटरमधला फॅनचा स्विच गेलाय? आधी काय तपासू? मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढूनच टाकू. मला पटत नाही, हायवेला इंजिन नीट तापणारच नाही. गाडीवर फार जीव आहे, हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील, जास्त तापलं की जातं) जायच्या आत सांगा.